टेलिफोनवाल्याची तार

आमच्या लिंकनशायरच्या या टोकाला डोंगर म्हणून नाही. सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा मनोरा, आणि त्याच्या खालोखाल मी ज्यांवर चढत होतो ते टेलिफोनचे खांब. चौतीस वर्षं मी त्या खांबांवर काढली. गावात कुणाचं कुणाशी काय चाललंय हे पाद्रीबुवांच्या आधी मला कळायचं. वरून बघून बघून सवयच लागली असावी, कारण निवृत्त झाल्यावर मला जमिनीवर करमेना. म्हणून मी छोट्या विमानांच्या क्लबात गेलो.

आमचं मैदान म्हणजे लढाईच्या काळातली जुनी धावपट्टी. दोन्ही बाजूंना साखरबीट, मधे फुटका डांबरी पट्टा, कडेला पत्र्याची खोली आणि तिच्यात चहाची किटली. वारा समुद्राकडून येतो आणि वाटेत अडवायला काही नसल्यानं थेट आमच्या चहात उतरतो. एकदा माझं एक विमान त्या वाऱ्यावर पूर्वेला गेलं ते तीन आठवड्यांनी परत आलं, आणि त्याला डच चीजचा वास येत होता. हे मी क्लबात बऱ्याच वेळा सांगितलंय. कुणी खोटं म्हणत नाही, फक्त कुणीतरी उठून किटलीत पाणी भरतं.

ही विमानं चार-पाच फुटांची, जमिनीवर उभं राहून रेडिओनं चालवायची, पण त्यांची इंजिनं अगदी खरी. जळतात, भुंकतात, एरंडेलाचा धूर सोडतात. असलं इंजिन पेटवायला डोक्यावर एक प्लग असतो, करंगळीच्या पेराहून लहान. आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं. त्याला बाहेरून सेल जोडला की ते वेटोळं लालभडक होतं. मग विमानाच्या नाकावरच्या पंख्याला टोला द्यायचा. इंजिन एकदा पकडलं की पुढं स्वतःच्याच आगीवर वेटोळं लाल राहतं आणि सेलची गरज उरत नाही. मग सेलची क्लिप काढून घ्यायची. काढून घ्यायची म्हणजे मिनिटाला दहा हजार गिरक्या घेणाऱ्या पंख्याच्या मागं दोन बोटांवर हात घालून ती उपटायची. आमच्या क्लबात एकोणीस सभासद होते आणि सगळ्यांची मिळून एकशे सत्त्याऐंशी बोटं होती.

क्लबाचा एक नियम होता, कुठं लिहिलेला नसलेला. ज्याचं इंजिन त्यानंच सुरू करायचं. शेपूट धरायला दुसरा चालतो, पण पंख्याला टोला आणि क्लिपला हात मालकाचा. हे ज्याला जमत नाही त्याला क्लबात एक नाव होतं, खुर्चीचा सभासद. त्याला खुर्ची मिळते, मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचा मोठा तुकडा मिळतो, सगळे फार प्रेमानं वागतात, आणि महिन्याभरात तो यायचा बंद होतो.

अँब्रोज ड्रिंगवर एक्क्याण्णव साली ती खुर्ची येऊ घातली होती.

अँब्रोज माझा चाळीस वर्षांचा मित्र. बाजारचौकात त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस असा की त्याच्याशी बोलताना आपण उगाच वेळेवर आल्यासारखं वाटायचं. सत्तरीनंतर त्याच्या उजव्या हाताला कंपवात लागला. विचित्र दुखणं. हात कामात असला की थरथर कमी, रिकामा असला की जास्त. बशीतली बिस्किटं उचलताना ठीक, आणि मांडीवर ठेवलेला हात मात्र पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा.

एप्रिलमधे त्याच्या ऑस्टर विमानाचं इंजिन सुरू झालं, पण भुंकणं एकसारखं होईना. त्या विमानाचं नाक पत्र्याच्या टोपणात झाकलेलं, क्लिप एका भोकातून आत घालावी लागायची. अँब्रोज हात टोपणाजवळ ठेवून इंजिन स्थिर व्हायची वाट बघत राहिला. हात वाट बघायला लागला, म्हणजे रिकामा झाला. रिकामा झाला तशी त्याला थरथर सुटली, आणि तीन बोटं पंख्यात गेली.

बोटं वाचली. आमच्या सुरक्षेचं काम हिल्डा ब्लँचर्डकडे होतं. ती पूर्वी या भागातली नर्स, घरोघर सायकलवरून फिरलेली, म्हणून आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणायचो. तिनं किटलीजवळचा पंचा गुंडाळला आणि त्याला गाडीत घातलं. घरी अँब्रोजच्या बायकोनं, डोरीननं, तो पंचा बघितला आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी विमानं चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजारात जातील." डोरीन एकदा बोलली की पुन्हा बोलत नसे. त्यामुळेच सगळे घाबरायचे.

सिस्टरनं ऑगस्टमधे निकाल दिला. "अँब्रोज, मी तुला बंदी घालत नाही. पण चालत्या इंजिनाच्या वेळी तुझा हात विमानाच्या पंखांच्या पुढं गेलेला मला दिसता कामा नये. माझ्यासमोर तीन वेळा तसं सुरू करून दाखव. हंगामाच्या शेवटच्या रविवारपर्यंत. नाही जमलं तर तुझं इंजिन क्लाइव्ह सुरू करून देईल."

क्लाइव्ह म्हणजे आमचा चिटणीस. चांगला माणूस, मदतीला इतका तयार की त्याच्यापासून लपावं लागायचं.

"मला आनंदच वाटेल, अँब्रोज," क्लाइव्ह म्हणाला.

"तेच तर," अँब्रोज म्हणाला.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत होता, फक्त आमच्या क्लबात कुणी केलेला नव्हता. प्लगपासून विमानाच्या पोटातून एक तार मागं न्यायची, पंखांच्या मागं बाजूला एक छोटं भोक ठेवायचं, हेडफोनचं असतं तसं. सेलची तार तिथं खुपसायची आणि इंजिन सुरू झालं की तिथूनच उपटायची. पंखा तिकडं, हात इकडं, मधे दीड फूट विमान.

"मी करतो ते," अँब्रोज म्हणाला. आम्ही त्याच्या घरामागच्या शेडमधे बसलो होतो.

"तू कशाला," मी म्हणालो. "तारेचं काम आहे. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? शिवाय तुझे हात..."

वाक्य मी तिथंच सोडलं, पण ते पोचलं होतं. अँब्रोजनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला.

"बरं. कर तू," तो म्हणाला.

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं मी उपकार करतोय.

पुढचा आठवडा मी त्याच्या शेडमधे राजासारखा वागलो. टोपण काढलं, प्लगच्या टोकाला घट्ट बसणारी टोपी लावली, तिच्यातून एक तार मागं नेली. दुसरी तार इंजिनाच्या अंगाला जोडायची होती. ती मी ज्या बैठकीवर इंजिन बसवलं होतं त्या बैठकीच्या स्क्रूखाली दाबली.

"ती बैठक नायलॉनची आहे," अँब्रोज म्हणाला.

"मग?"

"नायलॉनमधून वीज जात नाही, वॉली."

"मी तुझी परीक्षा घेत होतो," मी म्हणालो, आणि तार इंजिनाच्या बोल्टखाली घेतली. तो हसला नाही. त्या दिवसांत तो माझ्या कुठल्याच विनोदाला हसत नव्हता, आणि मी तो दुखण्याचा परिणाम समजत होतो.

तार मी माझ्याकडची वापरली. टेलिफोन खात्याची, घरून आणलेली, माझ्या माळ्यावर तिची अजून सात भेंडोळी आहेत. बारीक, सरळ, हिरवी आणि निळी. अँब्रोजनं ती चिमटीत धरून भिंगातून बघितली.

"बारीक नाही वाटत?"

"अँब्रोज," मी म्हणालो, "या तारेतून मी इथल्या आपल्या बोस्टनच्या बायकांच्या गप्पा थेट ग्रिम्सबीपर्यंत पोचवल्यात. पंचेचाळीस मैल. एक शब्द वाटेत सांडला नाही. तिच्यातून दीड व्होल्ट दीड फूट जाणार नाहीत होय?"

"घड्याळात बारीक चालतं," तो म्हणाला. "इथं काय चालतं ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

विमानात दीड फूट लागली. बाहेर, सेलपासून भोकापर्यंत, मी तीच तार चांगली चार फूट ठेवली, अँब्रोजला ऐसपैस उभं राहता यावं म्हणून. जास्तीची जी होती ती टेलिफोनवाल्याच्या सवयीनं गोल गुंडाळून दोऱ्यानं बांधली. दिसायला इतकी सुंदर झाली की मी ती डोरीनलाही दाखवली. ती म्हणाली, "रक्त येणार नाही ना?" मी म्हणालो, "ही तार म्हणजे विमा आहे."

शेडमधे आम्ही चाचणी घेतली. प्लग काढून हातात धरला आणि सेल जोडला. वेटोळं लाल झालं. शेड अंधारी होती आणि त्या अंधारात ते चुलीतल्या निखाऱ्यासारखं दिसलं. मी टाळी वाजवली. इंजिन तिथं लावून बघता आलं नाही, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून डोरीननं घरी इंजिनाला मनाई केलेली होती. अँब्रोजनं प्लग परत आत बसवला. तेवढं एकच काम त्या आठवड्यात त्यानं केलं.

शेवटचा रविवार निरभ्र उजाडला. बीटच्या पानांवर दव होतं, वारा बेताचा. सगळा क्लब आला होता आणि कुणीच विमान उडवत नव्हतं. जो तो आपलं विमान पुसत होता आणि तिरक्या नजरेनं बघत होता. सिस्टर घडीची खुर्ची उलगडून धावपट्टीच्या कडेला बसली, मांडीवर वही.

"साडेबारापर्यंत," ती म्हणाली. "त्यानंतर या पट्टीवर बीटवाल्याचा ट्रॅक्टर येणार आहे."

मी मागं गुडघ्यांवर बसून शेपूट धरलं. तार खुपसली. अँब्रोजनं रबर चढवलेली काठी उचलली. तिला आमच्यात भित्र्याची काठी म्हणतात. तरुणपणी त्यानं तिची यथेच्छ टिंगल केलेली होती. आता त्यानं तिच्यानं पंख्याला टोला दिला.

काही नाही.

दुसरा, तिसरा, दहावा. इंजिन एकदा खोकलं आणि परत झोपलं. नाकातून इंधन ठिबकायला लागलं.

"ओलं केलंस," क्लाइव्ह लांबून म्हणाला. "फार इंधन ओढलंस, अँब्रोज."

"नाही ओढलं."

"मी बघितलं ना. इंधन ओढताना हवेच्या भोकावर बोट जरा जास्त वेळ राहिलं. होतं असं. हात..."

"क्लाइव्ह," सिस्टर म्हणाली.

विमान उलटं केलं, इंधन झटकलं, पुन्हा टोले. वीस, तीस. टोल्यांना काही दोष नव्हता, एकेक नेमका बसत होता. पण टोल्यांच्या मधे काठी खाली आली की तो हात असा थरथरायचा की मी शेपटाकडं बघायला लागायचो. पस्तिसाव्या टोल्यानंतर अँब्रोज थांबला. गळ्याशी घाम आला होता. क्लाइव्ह हळूच एक पाऊल पुढं आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो प्रेमळ भाव होता, खुर्चीच्या सभासदांसाठी राखून ठेवलेला.

"वॉली, सोड आता," अँब्रोज म्हणाला.

त्याच वेळी मला माझी मांडी गरम लागली. आधी वाटलं ऊन. मग खाली बघितलं. तारेचं ते सुंदर भेंडोळं माझ्या मांडीवर पडलं होतं आणि त्याला ऊब आली होती, कोंबडीखालून नुकत्याच काढलेल्या अंड्यासारखी.

चौतीस वर्षं तारा हाताळलेल्या माणसाला एवढं पुरतं. टेलिफोनला वीज लागते नखभर. ती बारीक तारेतून पंचेचाळीस मैल हसत जाते. या प्लगला व्होल्ट कमी पण वीज ढीगभर लागते, आणि तिला रुंद वाट हवी. मी तिला बोळात घातलं होतं. निम्मी ताकद वाटेतच तार तापवण्यात चालली होती. प्लगला जी उरत होती ती अंधाऱ्या शेडमधे लाल दिसायला पुरेशी होती, गार इंधनाच्या फवाऱ्यात लाल राहायला नव्हती. इंजिनात दोष नव्हता. हातातही नव्हता.

हे कळायला अर्धा क्षण लागला. बोलायला बराच जास्त लागला. खरं सांगायचं तर त्या मधल्या वेळात माझ्या मनात एक फार चांगली गोष्ट तयार झाली होती. सेल बाद झालाय, दुकानदारानं जुना सेल गळ्यात मारलाय वगैरे. ती सगळ्यांना पटलीही असती. पण मग पुढच्या आठवड्यापर्यंत सिस्टरचा हंगाम संपला असता.

"थांबा," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तार बारीक आहे. टेलिफोनची. अँब्रोजनं मला विचारलंही होतं. मी ऐकलं नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग क्लाइव्ह हसला, वाईट हेतूनं नाही.

"वॉली, मित्रासाठी करतोयस, कळतंय आम्हाला."

"अरे खरं सांगतोय."

"तुझं ते विमान कुठून आलं होतं परत? हॉलंडहून ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते वेगळं."

"चीजचा वास," दुसरा म्हणाला, आणि किटलीकडं वळला.

आयुष्यात पहिल्यांदा मी भर मैदानात निव्वळ खरं बोललो होतो आणि लोक पाणी भरायला निघाले होते. माझी मी इतक्या वर्षांत काय कमाई करून ठेवली होती ते मला त्या क्षणी कळलं. आणि तिची शिक्षा मला नाही, अँब्रोजला होत होती. तो काठी हातात घेऊन उभा होता आणि त्यालाही, मला वाटतं, मी त्याच्यावर दया करतोय असंच वाटत होतं.

मी भेंडोळं उचललं आणि गुडघ्यांवरच सरकत सिस्टरच्या खुर्चीपर्यंत गेलो. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हणालो. "हिला हात लाव."

सिस्टरनं हात पुढं केला. बोटं नाही लावली. उलट्या हातानं स्पर्श केला, पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि डोळे जरा मिटले.

"ताप आहे हिला," ती म्हणाली.

तिनं घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी. "जाड तार कुणाकडं आहे?"

कुणाकडं नव्हती. मग माझी नजर क्लाइव्हच्या व्हॅनकडं गेली. तिचं मागचं दार उघडं होतं आणि आतल्या मोठ्या स्पीकरमधून क्रिकेटचं समालोचन चाललं होतं.

"नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"तीच हवी तशी तार आहे."

"मी सामना ऐकतोय."

"कोण हरतंय?"

"आपण."

"मग ऐकून काय करणार आहेस?" सिस्टर म्हणाली.

क्लाइव्हनं दोन मिनिटांत स्पीकरची तार उपसून आणली, बुटाच्या नाडीएवढ्या जाडीची दुहेरी. मी ती घेतली, गुडघ्यावर बसलो, खिशातून चाकू काढला. गॅसवरचं झाळ लावायचं यंत्र कुणीतरी पेटवून दिलं.

"इकडं दे," अँब्रोज म्हणाला.

"अरे, वेळ कमी आहे, मी झटकन..."

"वॉली." तो माझ्या समोर बसला. त्याचा उजवा हात, मांडीवर, नेहमीसारखा फडफडत होता. "तू एकदा केलंस."

बस, एवढंच म्हणाला. मी चाकू त्याच्या हातात दिला.

त्यानं खिशातून ते दुकानातलं भिंग काढलं आणि डोळ्यात बसवलं. तारेचं टोक पकडलं. आता इथं मी सांगितलं असतं की त्याची थरथर एकदम थांबली, तर गोष्ट फार बरी झाली असती, आणि तुम्ही किटलीकडं बघितलं असतं. थांबली नाही. कमी झाली. त्यानं मनगट विमानाच्या अंगाला टेकवलं, कोपर गुडघ्यावर रोवलं, जणू हात टेबलाला बांधला, आणि थरथरीच्या दोन लाटांच्या मधे जी सपाट जागा यायची तिच्यात काम करत गेला. मी मोजलं नाही पण लय कळत होती. थांब, थांब, आता. थांब, थांब, आता. पहिला डाग चुकला, शिसं बाजूला सांडलं, अंगठा पोळला. त्यानं अंगठा तोंडात घातला, काढला, पुन्हा लावला.

मी शेजारी बसून होतो आणि माझे हात रिकामे होते. एक आठवडा हा माणूस स्वतःच्या शेडमधे स्वतःच्या हातांवर बसून राहिला होता, कारण मी त्याला मदत करत होतो. ही सगळी खटपट कशासाठी होती? त्याचं इंजिन त्याच्या हातानं सुरू व्हावं म्हणून. आणि त्याच्या वतीनं सुरुवातीलाच मी त्याचा हात काढून घेतला होता. क्लाइव्ह निदान विचारून करत होता.

मी त्याला तार दुमडून नको, सरळ ने, असं सांगायला तोंड उघडलं. मग बंद केलं. तो तशीच नेत होता.

साडेबाराला वीस मिनिटं राहिली तेव्हा त्यानं टोपण परत बसवलं. बाहेरची तार या वेळी दोनच फूट ठेवली. भेंडोळं नाही, दोरा नाही. दिसायला ओबडधोबड.

"शेपूट," तो म्हणाला. मी धरलं.

तिसऱ्या टोल्याला इंजिनानं अशी हाक मारली की बीटमधले कावळे उठले. धूर माझ्या तोंडावर आला. अँब्रोज बाजूनं फिरून पंखांच्या मागं आला, वाकला, तार उपटली. इंजिनाचा सूर केसभर बदलला नाही. सिस्टरनं वहीत एक रेघ मारली. त्यानं इंधन बंद करून इंजिन थांबवलं.

दुसऱ्या वेळी दोन टोल्यांत.

तिसऱ्या वेळी इंजिन पकडलं, पण जरा अडखळत. तार काढायची तर ते स्थिर व्हायला हवं होतं. अँब्रोज पंखांच्या मागं उभा राहिला, हात तारेजवळ नेला आणि वाट बघायला लागला. एप्रिलसारखीच. हात रिकामा झाला आणि त्याला थरथर सुटली, जोरात, विमानाच्या अंगावर टकटक वाजायला लागली. क्लाइव्ह पुढं झाला.

"क्लाइव्ह, तिथंच," सिस्टर म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

हात थरथरत राहिला. तिथं थरथरायला जागा होती. बोटं कापणारं काही नव्हतं, फक्त कापड आणि लाकूड आणि माझा कान, जो मी जरा बाजूला घेतला. मला वाटलं होतं त्या तारेनं अँब्रोजचा हात स्थिर होईल, निदान तसा भासेल. तिचं काम ते नव्हतंच. हाताला थरथरून घ्यायला एक सुरक्षित कोपरा हवा होता. दहा-बारा क्षण गेले असतील. इंजिन एकसारखं भुंकायला लागलं. मग एक सपाट जागा आली, आणि त्यानं तार उपटली.

सिस्टरनं तिसरी रेघ मारली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्लाइव्हनं घसा साफ केला आणि विचारलं, "आता माझी तार?"

"ती विमानात आहे," अँब्रोज म्हणाला. "सामना हवा असेल तर वॉलीकडून टेलिफोनची घे. ग्रिम्सबीपर्यंत ऐकू येतं म्हणे." आणि तो हसला. माझ्यावर, पण हसला. मला फार बरं वाटलं.

त्यानं चालत्या इंजिनानंच विमान वर नेलं, चार मिनिटं, मोठ्या संथ फेऱ्या, आणि ट्रॅक्टर फाटकाशी दिसायला लागल्यावर उतरवलं. नियंत्रणाच्या कांड्यांवर अंगठे असताना त्याचा हात कसा होता ते मी बघितलं नाही. सगळ्यांसारखा मीही वर बघत होतो.

मग सिस्टरनं वही पुढं केली. तपासणी झाली असं तिनं लिहिलं होतं, खाली सभासदाची सही हवी होती. व्हॅनच्या बॉनेटवर वही ठेवून अँब्रोज सही करायला लागला. वारा जरा वाढला होता, पान उडत होतं. झाळ लावताना त्यानं मनगट टेकवलं होतं, इथं बॉनेटच्या उतारामुळं टेकवता येईना. पेन कागदावर पोचायचं, निसटायचं, पुन्हा पोचायचं. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी तिरकी चालली होती. पान एकदा पूर्ण उलटलं.

माझा हात ते पान दाबायला निघाला होता. अर्ध्या वाटेत मी तो वळवला आणि कोटाच्या खिशात घातला. शेजारी क्लाइव्हनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते, एकमेकांत घट्ट.

अँब्रोजनं डाव्या कोपरानं पान दाबलं आणि पुन्हा सुरुवात केली. फाटकाशी ट्रॅक्टरवाल्यानं एकदा भोंगा वाजवला.

"वाचता येईल का हे?" अँब्रोजनं शेवटी विचारलं.

सिस्टरनं वही लांब धरून बघितली. "मी आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचली," ती म्हणाली. "ड्रिंग आहे. स्पष्ट आहे."

"पहिलं अक्षर बिघडलंय," तो म्हणाला, वही परत घेतली, आणि पहिल्या अक्षरापासून नीट, हळू, पुन्हा सही करायला लागला. ट्रॅक्टर फाटकात थांबून होता. आम्हीही.